नव्या गाडीवरची गिट्टी आणि पारदर्शक पन्नी



आज गाडीच्या रंगाबद्दल बोलायचं आहे. काही जणी म्हणतील, हा तर पुरुषांचा विषय. पण आता तसं राहिलेलं नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बाईच्या नावावर गाडी असणं नवलाचं नाही. कुणी घरच्यासाठी घेतली, कुणी गटाच्या कर्जातून प्रवासी गाडी घेतली, कुणाच्या ग्रामसंघाने माल बाजारात न्यायला छोटा टेम्पो घेतला. केंद्राची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तीही याचसाठी. जिथे एसटी कमी पोचते, तिथे बचत गटातल्या बाईने प्रवासी गाडीचा धंदा करावा, असा तिचा हेतू आहे. गाडी आपल्या नावावर, हप्ता आपल्या डोक्यावर, तर तिच्या पत्र्याची काळजीही आपणच घेतली पाहिजे.

गटाच्या बैठकांत एक प्रश्न सारखा येतो. गाडी घ्यायला गेलं की शोरूममध्ये विचारतात, "ताई, पन्नी लावून देऊ का? गिट्टीने रंग जाणार नाही." आणि आकडा सांगतात ऐंशी हजार, लाख, कधी त्याहूनही जास्त. लावावी का नाही?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. पन्नी खोटी नाही, ती काम करते. पण आपल्यासारख्यांनी पूर्ण गाडीला लावायची गरज नाही. जिथे गिट्टी लागते आणि जिथे रंगाखाली लोखंड आहे, तेवढ्याच जागी लावा, आणि गाडी नवी असतानाच लावा. बाकीचं काम गाडीचा वेग आणि पुढच्या ट्रकपासूनचं अंतर करतं. त्याला पैसे लागत नाहीत.

टवका उडतो कसा

आपल्या रस्त्यांवर कुणाचे ट्रक चालतात ते तुम्ही रोज पाहता. सुरजागडच्या पहाडातलं लोहखनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टीकडून येत आलं आहे. इकडे घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर, पद्मापूरचा कोळसा. गडचांदूर, कोरपना भागात सिमेंटची वाहतूक. नदीकाठी रेतीचे टिप्पर. शिवाय कुठे ना कुठे रस्त्याचं काम सुरू असतंच, आणि नव्या कामावर सुटी गिट्टी पसरलेली असते.

गिट्टी आपल्या गाडीवर तीन तऱ्हेने येते. एक, ट्रकच्या मागच्या जोडचाकांत अडकलेला किंवा चाकाखाली आलेला दगड मागे उडतो. दुसरी, ताडपत्री न टाकलेल्या किंवा काठोकाठ भरलेल्या गाडीतून माल सांडतो. तिसरी तऱ्हा बऱ्याच जणींच्या ध्यानात येत नाही. आपल्याच गाडीचं पुढचं चाक गिट्टी उचलून आपल्याच दाराच्या खालच्या भागावर मारतं. म्हणून दोन-तीन वर्षं चाललेल्या गाडीकडे नीट पाहिलं तर बोनेटच्या पुढच्या काठावर आणि चाकांच्या मागे, या दोनच जागी जास्त टवके दिसतात.

दगड किती जोरात लागणार हे वेगावर ठरतं, आणि इथे हिशेब सरळ नाही. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. उलटं पाहा. हवेत उडालेल्या खड्यावर आपण ताशी ८० ऐवजी ६० च्या वेगाने आदळलो, तर मार जवळजवळ निम्म्यावर येतो. समोरून ट्रक येत असेल तर त्याचाही वेग आपल्या वेगात मिळतो. अशा वेळी आपण थोडं दमाने घेतलं तर फार फरक पडतो.

रंगाखाली काय असतं

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, त्यावर अस्तराचा रंग, त्यावर आपल्याला दिसतो तो लाल-पांढरा रंग आणि सगळ्यात वर चमक देणारा पारदर्शक थर. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीचा पत्रा आणि गिट्टी यांच्यामध्ये एक-दोन केसांएवढंच अंतर आहे.

टवका वरच्या थरातच थांबला तर तो फक्त दिसायला वाईट. तो पत्र्यापर्यंत गेला की खरी गोष्ट सुरू होते. पावसाळ्यात चाकामागे चिखल साचून राहतो, तिथला पत्रा दिवसेंदिवस ओला असतो. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि शेजारचा चांगला रंग खालून उचलतो. म्हणून वरून टाचणीएवढं छिद्र दिसतं, पण बाजूला रंगाचा फुगा आलेला असतो. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा थर देतात, त्यामुळे गंज उशिरा धरतो. पण तो थरही खरवडला गेला तर पाणी आपलं काम करतंच. पुढे गाडी विकायला काढली की घेणारा पहिल्यांदा दाराच्या खालच्या काठावरून बोट फिरवतो आणि तिथेच भाव पाडतो.

ही पन्नी काय आहे

दुकानात तिला पीपीएफ म्हणतात. आपण पन्नी म्हणू, पण ही किराण्याच्या सामानाची पन्नी नाही. ती पॉलियुरेथेन नावाच्या लवचीक पदार्थाची असते. तिची जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या रंगापेक्षाही जास्त. दगड लागला की ती दबते, मार पसरवते आणि परत जागेवर येते. टणक रंगाला हे जमत नाही, म्हणून त्याचा टवका उडतो.

तिचा जन्म गाडीसाठी झालेला नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याच्या हेलिकॉप्टरची पाती वाळू आणि खड्यांनी झिजत होती. त्यांच्यावर चिकटवायला अशी पट्टी वापरली गेली. नंतर ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग साध्या गाड्यांवर. चांगल्या पन्नीच्या वरच्या थराला आणखी एक गुण असतो. बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर जातो, तेव्हा उष्णतेची कमी नाही!

पण तिच्या मर्यादाही ऐका. मुठीएवढा दगड आला तर पोचा पडेलच. खोल कापलं तर पन्नी फाटते, ती भरून येत नाही. आणि ती रंगासाठी आहे, काचेसाठी नाही. काचेच्या पन्नीचे नियम वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच गाड्यांच्या काचांवर पन्नी चिकटवायला मनाई केली होती. पारदर्शक पन्नीने गाडीचा रंग बदलत नाही. पण कुणी रंगीत पन्नी लावून गाडीचा रंगच बदलला, तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते.

आणखी एका नावाने फसू नका. सिरॅमिक कोटिंग वेगळं. तो अगदी पातळ थर असतो. त्याने पाणी घसरतं, गाडी धुवायला सोपी जाते, चमक राहते. गिट्टी मात्र त्याने थांबत नाही. कोटिंग करून देतो आणि टवका उडणार नाही, असं कुणी एका दमात सांगितलं, तर तिथेच थांबून विचारा.

पैसे कुठे घालायचे

घरातला छोटा चुंबक घ्या. ओरखडा पडू नये म्हणून तो पातळ सुती कापडात गुंडाळा आणि गाडीवर जागोजागी लावून पाहा. बहुतेक नव्या गाड्यांच्या बंपरला तो चिकटणार नाही, कारण बंपर प्लास्टिकचा असतो. त्याचा टवका उडाला तर दिसायला खराब, पण तो गंजत नाही. आरशांच्या कव्हरचंही तेच. बोनेट, छताचा पुढचा काठ, समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, दारांचा खालचा भाग, मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा, इथे चुंबक चिकटतो. काही गाड्यांचं बोनेट ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चिकटणार नाही.

आता दोन गोष्टी जुळवा. गिट्टी लागते ती जागा आणि चुंबक चिकटतो ती जागा. दोन्ही जिथे आहेत तिथे पन्नी. म्हणजे बोनेटचा पुढचा भाग, काचेचे खांब, छताचा पुढचा काठ आणि चाकांच्या मागे-पुढे दारांचा खालचा पट्टा. चढता-उतरताना चपला घासतात त्या दाराच्या उंबरठ्यालाही एक पट्टी लावा, प्रवासी गाडीला तर नक्की. छत, डिकी, दारांचा वरचा भाग सोडून द्या. हात मोकळा असेल तर बंपर घ्या, पण तो शेवटी.

हिशेब करून पाहू. समजा एक लाखाचं पूर्ण पॅकेज गाडीच्या कर्जातच घातलं. व्याज १० टक्के, मुदत ५ वर्षं. महिन्याला हप्त्यात साधारण २,१२५ रुपये वाढले, आणि शेवटी त्या एका लाखाचे भरले सुमारे १,२७,५००. दहा जणींचा गट, प्रत्येकीची महिन्याला शंभर रुपये बचत धरली, तर गटाच्या दोन महिन्यांच्या बचतीहून जास्त रक्कम दर महिन्याला पन्नीत जाते. तेच काम २५,००० रुपयांत बसवलं तर हप्ता साधारण ५३० ने वाढतो. दर गावागणिक आणि गाडीगणिक बदलतील, पण हिशेबाची रीत हीच. शोरूमवाला "हप्त्यात कळणारही नाही" म्हणाला, की कागद-पेन काढा.

दुकानात काय विचारायचं

पहिलं, पन्नी पॉलियुरेथेनची आहे की पीव्हीसीची? पीव्हीसी स्वस्त असते, पण ती कडक होते आणि आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते. नमुन्याचा तुकडा हातात घेऊन ताणा. पॉलियुरेथेन रबरासारखी ताणली जाते आणि सावकाश परत येते.

दुसरं, हमी किती वर्षांची, कशाची आणि कोण देणार? पिवळी पडणं, भेगा पडणं, काठ सुटणं, हे शब्द कागदावर हवेत. पन्नीच्या रोलचा क्रमांक बिलावर लिहून घ्या.

तिसरं, कापणार कशी? काही ठिकाणी मशीनवर गाडीच्या मापाने आधीच कापून लावतात. काही ठिकाणी पन्नी गाडीवर पसरून ब्लेडने कापतात. हात सराईत नसेल तर ब्लेड खालच्या रंगात जातं, आणि ज्या टवक्यासाठी पैसे दिले तोच आपण विकत घेतलेला असतो. सरळ विचारा, "गाडीवर ब्लेड चालवणार का?"

चौथं, जागा. काम बंद खोलीत व्हायला हवं. रस्त्याकडेच्या धुळीत लावलेल्या पन्नीखाली कण राहतात आणि ते पुढे तसेच दिसतात.

वेळेचंही सांगते. कारखान्यात रंग भट्टीत पक्का केलेला असतो, त्यामुळे नवी गाडी लगेच पन्नीसाठी तयार असते. चार महिने चालवून मग लावली तर झालेले टवके आणि धूळ पन्नीखाली झाकली जाते. पण गाडीला अपघात होऊन गॅरेजमध्ये एखादा भाग पुन्हा रंगवला असेल, तर तिथे घाई नको. तो रंग आतून वाळायला काही आठवडे लागतात.

लावल्यावर काय पाळायचं

पन्नी साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात, म्हणून सुरुवातीला खाली पाण्याचे बारीक फुगे दिसतात. ते काही दिवसांत आपोआप जातात. टाचणीने फोडू नका. पहिला आठवडा गाडी धुऊ नका. नंतर धुताना साधं गाडीचं शाम्पू आणि मऊ कापड वापरा, कपड्याची पावडर नको. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी जोराच्या पाण्याचा पाइप पन्नीच्या काठावर जवळून मारू देऊ नका, काठ उचलतो.

नव्या गाडीची पूजा आपण करतोच. हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढा, पण संध्याकाळी ओल्या कापडाने पुसून घ्या. हळद आणि कुंकवाचा रंग उन्हात राहिला तर पन्नीवर डाग धरतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली गाडी उभी करू नका. फुलांचा चिकट रस आणि पाखरांची विष्ठा वाळून बसली की काढताना त्रास होतो. काढायची झालीच तर आधी ओलं कापड ठेवून मऊ करा, मग पुसा. नखाने खरवडू नका.

पन्नी परवडत नसेल तर

तरीही बरंच करता येतं. चारही चाकांमागे रबराच्या चांगल्या चिखलपट्ट्या लावा. आपल्याच चाकाने उडवलेली गिट्टी त्या अडवतात आणि खर्च थोडा येतो. गाडीच्या रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेला असतो. कुठे ते सर्व्हिस सेंटरला विचारा आणि त्याच रंगाची टच-अपची छोटी बाटली आणून ठेवा. महिन्यातून एकदा गाडी धुऊन, वाळवून, उजेडात चारी बाजूंनी पाहा. टवका दिसला तर जागा स्वच्छ करून कोरडी करा. गंज दिसत असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच घासून आधी प्रायमर द्या. मग काडीच्या टोकाने रंगाचा थेंब टवक्यात भरा. वाळू द्या, पुन्हा एक थेंब. शोभेत थोडा फरक राहील, पण पाणी आत जाणार नाही. ज्या हातांना रांगोळीची सवय आहे, त्यांना हे काम अवघड नाही.

एवढ्या टवक्यासाठी विम्याच्या मागे लागणं सहसा परवडत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये आपलेच जातात, त्याहून मोठ्या इंजिनला २,०००. शिवाय दावा न केल्याची सवलतही हातची जाते.

काही जण पुढे लोखंडी गार्ड बसवतात. ते करू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या विरोधात आहेत. त्यांनी पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते आणि आपल्या एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो.

आणि गाडी चालवताना एक सवय लावून घ्या. पुढचा ट्रक एखाद्या झाडाजवळून किंवा मैलाच्या दगडाजवळून गेला की मोजा, "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन." त्याआधी आपण तिथे पोचलो तर फार जवळ आहोत. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ५० मीटर. तेवढ्या अंतरात बरीचशी गिट्टी खाली पडते, आणि ट्रकने अचानक ब्रेक मारला तरी आपल्याला वेळ मिळतो. गटाच्या गाडीवर चालक ठेवला असेल तर ही गोष्ट त्याच्याशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला.

रस्त्यावरची गिट्टी येते कुठून

शेवटचं थोडं. पन्नी आपल्या गाडीचा पत्रा वाचवते. पण त्याच रस्त्यावरून आपली मुलं सायकलने शाळेत जातात, आपण मोपेडवर बाजाराला जातो. त्यांना कुठली पन्नी? उघडा माल आणि जादा वजन या दोन्हींवर कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. ताडपत्री न टाकलेल्या, काठोकाठ भरलेल्या गाड्या एखाद्या रस्त्यावर रोज दिसत असतील, तर तारीख, वेळ, जागा आणि गाडी क्रमांक वहीत लिहा. महिन्याची नोंद झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि तो आपल्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयाला व पोलीस ठाण्याला द्या. पोच घ्यायला विसरू नका. एकटीची तक्रार फाईलमध्ये पडून राहू शकते. वहीतल्या तारखांसह दिलेल्या ठरावाला उत्तर द्यावं लागतं, हे आपल्या गटांनी इतर कामांत पाहिलेलं आहे.

तर या आठवड्याच्या बैठकीत ज्यांच्याकडे गाडी आहे किंवा घ्यायची आहे, त्यांनी चुंबक घेऊन या. गाडीभोवती एक फेरी मारू, कुठे लोखंड, कुठे प्लास्टिक ते बघू, आणि मगच पन्नीचं काय ते ठरवू.